बाईंचे एकोणीस पेशंट

आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंना सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणायचे. मीही म्हणायचो, याचा आज संताप येतो. एकतीस वर्षं त्यांनी पेशंटच्या फायली लावल्या आणि मग त्याच फायली कॉम्प्युटरवर चढवल्या. हट्ट एकच, खात्री नसेल तो रकाना कोरा ठेवायचा. साहेब वैतागायचे.

"न बघता 'नाही' कसं लिहू? जिवंत माणसं आहेत ही, साहेब!"

एका सोमवारी पत्र आलं. हृदयाला बसवलेल्या एका यंत्राची बॅटरी सदोष निघाली होती. ज्यांची बदललेली नाही त्यांना ताबडतोब बोलवायचं होतं, नाहीतर जिवाशी गाठ. यादी काढायचं काम माझं. 'बॅटरी बदलली' या रकान्यात 'हो' नसेल ते सगळे दे, असं मी कॉम्प्युटरला सांगितलं. बेचाळीस नावं आली. साहेबांनी सही ठोकली, सगळ्यांना फोन गेले आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

बाई तेव्हा रजेवर होत्या. आठवड्यानं आल्या, यादी वाचली आणि भडकल्या.

"ते बसचे कंडक्टर, आपले पेशंट, कुठायत यात? त्यांची फाइल मी स्वतः चढवलीय."

मी हसलो. "बाई, कॉम्प्युटर चुकत नाही."

"मग तू चुकलायस!"

चुकलोच होतो. कोरा रकाना 'हो'पेक्षा वेगळा आहे का, असं विचारलं तर कॉम्प्युटर ना होकार देतो ना नकार. त्याला माहीतच नसतं. आणि ज्याचं ठाम उत्तर नाही त्याला तो गुपचूप गाळतो, कसली सूचनासुद्धा न देता. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवं होतं. 'किंवा रकाना कोरा असेल तेही' एवढंच मी जोडलं. एकसष्ट नावं आली, म्हणजे एकोणीस नवी.

साहेब म्हणाले, "बघा, रकाने कोरे ठेवल्याचा परिणाम."

त्यांची मानगूट धरावी असं वाटलं. बाई मात्र फोन पुढ्यात ओढून त्या एकोणिसांचे एकेक नंबर फिरवत बसल्या. अठरा जण सापडले, त्यांना त्याच दिवशी यायला सांगितलं. शेवटचा नंबर कंडक्टरांचा होता.

बाईंनी पलीकडचं ऐकून घेतलं. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"त्यांची मुलगी आहे. विचारतेय, बाबा परवा गेले, मग तुम्ही आज का फोन केलात? सांग तिला."