मशीनचा पोळा करणारा भाईदास

मशीन कुरकुरत होती, म्हणून मी तिला तेल घातलं. हेतू चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढे ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली होती. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, आणि घोडा म्हटला की खोगीर आलं, तंग आला, लगाम आला. शहाद्यात हे सगळं शिवणारा चुनीलाल माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या दुकानात मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो. कामाला हात लावत नाही, म्हणूनच आमची मैत्री इतकी वर्षं टिकली. त्या संध्याकाळी चुनीलाल बकलं आणायला बाजारात गेला आणि मला नको ती बुद्धी झाली. फळीवर तेलाची निळी बाटली होती. मशीनला जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत मी मायेनं तेल सोडलं. चाक फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरलं. मी खुशीत घरी गेलो.

तेल खोबरेल होतं. डिसेंबरात आमच्याकडे खोबरेलाचं काय होतं, ते सकाळी अंघोळीआधी बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुणालाही विचारा.

सकाळी मशीनचा दगड झाला होता. चुनीलालनं पायानं पट्टी दाबली. मोटर गुरगुरली, चाक हलेना. मी आपलेपणानं पुढे झालो आणि दोन्ही हातांनी चाकाला हिसका दिला. कट्! सुई तुटली, आत काहीतरी सरकलं, आणि बाकावर बसलेले नवनीतभाई चहाचा कप खाली ठेवून उभे राहिले. हे नवनीतभाई सुरतचे. तिथे त्यांचा चामडी बॅगांचा कारखाना, आणि नाद घोड्यांचा. यात्रेआधीच आलेल्या घोड्यांतून त्यांनी एक घोडी पसंत केली होती. तिचं खोगीर मशीनवर अर्धं शिवून पडलं होतं, आणि दुपारी घोडीचा टेम्पो निघायचा होता.

चुनीलालनं तडक भाईदासला फोन लावला.

भाईदास तापीकाठचा, प्रकाशा गावाकडचा गुजर. घरची केळी आहेत, ऊस आहे, भाऊ शेती बघतात. हा एकटा लहानपणापासून मोटर, पंप, शिलाई मशीन जे दिसेल ते उघडून बसायचा. तरुणपणी सुरतेला एका कारखान्यात चामड्याच्या मशीन सुधारायला शिकला आणि दोन वर्षांत परत आला. तेव्हापासून खोगीरवाले, चपलावाले, रिक्षाच्या सीटा शिवणारे, जिल्ह्यात जिथे जिथे जाड सुई चालते तिथे तिथे भाईदास. "केळी सोडीसन चामडामा कसाले पडना?" असं भाऊबंदांनी पुष्कळ विचारून झालं. त्याचं म्हणणं, केळी बोलत नाही, मशीन बोलते.

मोटरसायकलवरून उतरला तो हातात डालड्याचा जुना डबा घेऊन. त्यातच त्याची सगळी हत्यारं. मशीनकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पाणी प्याला, टोपी नीट केली आणि विचारलं, "कोना हात लागना हिले?"

या प्रश्नाला गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं असतं: कुणाचाच नाही, आपोआप बिघडली. भाईदास म्हणतो, आपोआप बिघडणारी मशीन त्याला अजून भेटायची आहे. आज मात्र चुनीलालनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. भाईदासनं मशीनच्या पोटात बोट घातलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हाई तं डोकाले लावानं तेल शे. तेल लावं तं वेणी बी घाली देता ना, भो!"

नवनीतभाई इतके हसले की कपातला चहा बशीत आला.

भाईदासनं पट्टा काढला, मशीनचं डोकं टेबलावरून सोडवलं आणि बाहेर ओट्यावर गोणपाट अंथरून उन्हात ठेवलं. शहाद्याच्या भर बाजारात एक मशीन शेकत बसली आहे आणि तिच्या नाकातोंडातून तेल ठिबकतंय, हे बघायला चार माणसं जमलीच. एकानं विचारलं, "हिले थंडी भरनी का?" भाईदास म्हणाला, "हा. रातले उघडी झोपनी व्हती."

मशीन शेकेपर्यंत चुनीलालनं नवनीतभाईंना पोळ्याची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक पळू नये म्हणून माणूस काहीही सांगत बसतो. पण ही गोष्ट खरी आहे. भाईदासच्या घरचे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, त्या वर्षी पोळ्याला त्याला करमेना. धुवायला कुणी नाही, सजवायला कुणी नाही. मग तो सकाळीच डबा घेऊन निघाला आणि दुकानोदुकानी जाऊन त्यानं मशीनचे पट्टे उतरवले. बैलाचं जू उतरवावं तसे. म्हणाला, जिच्या जिवावर खाता तिला आज जुंपायचं नाही. मग प्रत्येक मशीन खोलून आतली चामड्याची भुकटी ब्रशनं काढली, डिझेलनं धुतली, मशीनचंच तेल दिलं, झिजलेला स्क्रू बदलला आणि चाकाला गेरूचं बोट लावलं. पहिल्या वर्षी दुकानदार कुरकुरले. चुनीलालनं तर दार लावून चोरून मशीन चालवून पाहिली. पण भाईदास पट्टा खिशात घालून घरी गेला होता. पण त्या पोळ्यानंतर वर्षभर कुणाची मशीन अडली नाही. आता पोळ्याला दुकानदारच त्याच्यासाठी पुरणपोळी झाकून ठेवतात.

"बैल पुरणपोळी खाय, तेम मशीन पण खाय?" नवनीतभाईंनी विचारलं.

"मशीन नही खास, पोळी मीच खास," भाईदास ओट्यावरून म्हणाला.

ऊन चढलं, तेल उतरलं. भाईदासनं डोकं धुऊन पुसून परत बसवलं, चामड्याची नवी सुई लावली. ही सुई साधी नसते. तिचं टोक सुरीच्या पात्यासारखं असतं, चामडं टोचत नाही, कापत जातं. पट्टा चढवला, दुहेरी चामड्याचा तुकडा घातला आणि शिवून पाहिलं. दोन टाके पडले, तिसरा गाळला. परत दोन, परत गाळला. चुनीलालचा चेहरा उतरला. माझा तर सकाळपासूनच उतरलेला होता.

भाईदासनं खालची पत्री सरकवली आणि चाक हातानं, अगदी हळू फिरवलं. सुई खाली जाऊन वर यायला लागते, त्या क्षणी खालच्या हुकाचं टोक येऊन दोऱ्याचा फास उचलतं. तेव्हा टाका पडतो. माझ्या हिसक्यानं तो हूक केसभर मागे गेला होता. सुई आपली वेळेवर यायची, हूक उशिरा पोचायचा. "नवरा स्टॅन्डवर, आनि बायको घर आवरी ऱ्हायनी," भाईदास पुटपुटला. स्क्रू ढिला केला, हूक पुढे घेतला, घट्ट केला. परत शिवलं. टाके पडले, वरून जसे तसेच खालून, मोत्यासारखे. चुनीलाल खोगीर शिवायला बसला तो उठलाच नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण नवनीतभाईंची नजर आता खोगिरावर नव्हती, भाईदासवर होती.

"भाईदासभाई, सुरत आवी जाओ," ते म्हणाले. "साठ मशीन आहेत माझ्याकडे, आणि सांभाळणारा एक नाही. राहायला खोली, एसीत काम, दोन वेळचं जेवण कारखान्यातच. टेम्पो निघेपर्यंत सांगा."

भाईदास हत्यारं डब्यात ठेवत राहिला. चुनीलालचा टाका मात्र वाकडा गेला. भाईदास गेला तर यात्रेच्या तोंडावर मशीन अडल्यावर बोलवायचं कुणाला? त्यानं मला कोपऱ्यात ओढलं. "तुन्हा तेलनी हाई कमाई! ना तू तेल टाकता, ना तो आठे येता, ना हाऊ सुरतवाला त्याले दखता!" सगळं खरं होतं.

मग त्यानं हळूच कौसाबाईंना, म्हणजे भाईदासच्या बायकोला, फोन लावला. त्याला वाटलं, घरूनच अडवतील. कौसाबाई मोठ्यानं बोलतात. फोन कानाशी नसतानाही मला ऐकू आलं. "जाऊ दे ना भो त्यास्ले! घरम्हाना तेलना डाग तरी कमी व्हतीन!"

चुनीलालनं फोन खिशात टाकला आणि खोगीर पुरं केलं. शेवटची गाठ मारायला त्याला भारी वेळ लागला.

टेम्पो आला. खोगीर चढलं. घोडीनं ते वास घेऊन पसंत केलं. नवनीतभाईंनी भाईदासकडे बघितलं. भाईदासनं दोन्ही हात जोडले.

"नही जमनार, भाई. मशीनले काही व्हयनं तं फोन करा, मी सांगसू."

नवनीतभाई मनातून खट्टू झाले असतील, पण हात मिळवून गेले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तसा चुनीलाल धावत जाऊन भजी घेऊन आला, जिलबी घेऊन आला, वर्तमानपत्र अंथरून बसला. फळीवरची निळी बाटली तेवढी त्यानं कपाटात घातली आणि किल्ली कनवटीला लावली. मला त्याचं काही वाटलं नाही. ऊन छान पडलं होतं, भजी गरम होती, चुनीलाल उठून पुढच्या तंगाला लागला होता, मशीन एकसुरात चालत होती, आणि भाईदास मिरची दाताखाली धरून ती ऐकत बसला होता.

मला मात्र राहवेना. साठ मशीन, खोली, थंड हवा. एवढं सोडायला माणसाकडे काही थोर कारण असणार. गावची माती, तापीचं पाणी, चुनीलालची मैत्री, निदान पोळा तरी. मी जवळ सरकून हळव्या आवाजात विचारलं, "भाईदासभाऊ, खरं सांगा, सुरतेला नकार का दिलात?"

भाईदासनं मिरचीचं देठ बाजूला ठेवलं.

"तठे वरणमा साखर टाकतस."