माती धरली की सोडायचं

२००२ च्या जुलैत आमची पलटण काश्मीरला गेली. पोस्ट डोंगराच्या पोटाला. खाली मक्याची शेतं आणि तीस-चाळीस घरांचं गाव. मी लान्स नाईक, बसगोंडा, म्हणजे बसू, शिपाई. दोघं कबनूरचे, एकाच सेक्शनमध्ये. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, सातला चहा-पुरी, मग पेट्रोलिंग. दुपारी जागा मिळेल तिथं मी नव्या जवानांना अनआर्म्ड कॉम्बॅट शिकवायचो, म्हणजे हत्यार नसताना हातानं लढायचं कसं ते. मला सगळे उस्ताद म्हणायचे. बसू एकटा सद्या म्हणायचा, तेही सुभेदारसाहेबांसमोर.

आता पेन्शनवर आहे. गावाकडं शाळेत भाषणाला बोलावतात. पोरं हमखास विचारतात, "सर, फायटिंग कुठं शिकला?" मी कराटेच्या क्लासचं सांगतो आणि वेळ मारून नेतो. ते खोटं आहे. क्लासचं तोंड बघायच्या आधीच मी सगळं शिकलो होतो. शिकू नये ते पण शिकलो होतो.

कबनूर म्हणजे यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, त्यामुळं आम्ही माणसं साधं बोललो तरी पावण्यांना भांडण वाटतं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वीस वर्षं माग चालवले आणि कान घालवले. बसूच्या वडलांचं पेठेत किराणा दुकान. शनिवारी शाळा साडेअकराला सुटायची. पावणेबाराला सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, मागच्या मोकळ्या रानात मागवाल्यांची पोरं आणि पेठेतली पोरं समोरासमोर उभी राहायची. कारण लागायचं नाही. शनिवार हेच कारण.

नियम मात्र पक्के होते. दगड न्हाय. पट्टा न्हाय. आणि ज्याला आता सोसत नाही त्यानं खाली वाकून मूठभर माती धरायची. माती धरली की सोडायचं. मग तो कितीही नालायक असो. त्यानंतर जो हात उचलेल त्याच्याशी दोन्हीकडची पोरं बोलायची बंद व्हायची. आमच्याकडं तालमीतल्या मातीला मान, त्यातूनच हे पोरांत आलं असावं. मोठ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी अडवायचं नाही.

सहावीत होतो. त्या शनिवारी बसू सगळ्यांसमोर म्हणाला, "ए बहिऱ्याच्या पोरा, तुला तरी ऐकू येतं का रं?"

सगळी हसली. आमची पण हसली. माझं डोकंच फिरलं. सायझिंगच्या भिंतीला मागातला एक मोडका धोटा पडलेला होता. लाकडाचा, वीतभर, दोन्ही टोकांना लोखंडी टोचणी. तो उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला. बसू गुडघ्यावर आला आणि त्यानं माती धरली. मुठीतून माती गळत होती, ते मला स्वच्छ दिसलं. तरी मी मारलं. डावी भुवई फाटली.

दोन्हीकडची पोरं मागं सरकली. मी धोटा टाकून घरी पळालो.

अण्णांना ऐकू यायचं नाही, पण गावानं हातवारे करून त्यांना सांगितलं. त्यांनी कानाला धरून मला पेठेतून नेलं. बसूच्या घरात कानडी बोलत, म्हणून आईला अव्वा. ती परड्यात, घरामागच्या अंगणात, बसून त्याच्या भुवईत हळद दाबत होती. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यानं माती धरलीती?"

"व्हय."

"तुला दिसलीती?"

"व्हय."

"मग का मारलंस?"

अव्वानं परड्यातली माती उचलली, थोडी माझ्या हातात दिली, थोडी बसूच्या. "दोघं बी म्हना. माती धरलेल्याला मारणार न्हाय." आम्ही म्हटलं. मग तिनं एकाच ताटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. एक डोळा झाकलेला बसू मला म्हणाला, "चटणी जाळ हाय, पाणी जवळ घे." त्या दिवसापासून आम्ही दोस्त झालो. पुढं कराटेच्या क्लासला एकत्र गेलो, कोल्हापुरात भरतीला एकत्र पळालो, आणि बसूची ती भुवई फौजेच्या कागदात ओळखीची खूण म्हणून लागली.

सप्टेंबरात खबर आली, खालच्या गावात एक अतिरेकी आहे. साडेचारला पोस्ट सोडली. ०५५५ ला कॉर्डन लागला, गावाला वेढा. ०६१० ला सर्च सुरू. पाचव्या घराच्या गोठ्यात काहीतरी हललं. मी रेडिओवर साहेबांशी बोललो; आम्ही अल्फा, ते चार्ली.

"अल्फा फॉर चार्ली. गोठे में हरकत है. ओव्हर."

"चार्ली. रुको. बाहर बुलाओ. ओव्हर."

बसू पुढं, दहा-बारा पावलांवर. मी दगडी बांधाआड, त्याला कव्हर. हाक दिल्यावर एक जण बाहेर आला. वय वीसच्या आत-बाहेर. रायफल लांब फेकली, हात वर केले. अंगणभर पेंढा पसरलेला. इथवर सगळं ड्रिलप्रमाणं. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याचा उजवा हात खाली गेला. पेंढ्यात शिरला. मूठ आवळली.

ड्रिल काय सांगतं ते मला पाठ होतं. मीच शिकवत होतो. दोनच दिवसांपूर्वी सेक्शनला बजावलं होतं, हात खाली आला की फायर, विचार नंतर. माझ्या रायफलची साइट त्याच्या छातीवर होती. बोट ट्रिगरवर होतं.

बसू मागं न बघता मराठीत बोलला. "सद्या, थांब. माती धरली त्यानं."

आणि मी थांबलो. पलटणीचा उस्ताद, मी थांबलो. बोट सैल झालं ते मला आजही कळतं. बसू दोन पावलं पुढं गेला. पेंढ्याखाली ग्रेनेड होता, तो फुटला. ०६३४.

त्यानंतर मी फायर केला. पूर्ण मॅगझिन. त्याचा उपयोग शून्य.

"अल्फा फॉर चार्ली. वन कॅज्युअल्टी. हेली भेजो. ओव्हर."

"चार्ली. कौन है? ओव्हर."

मला नाव घेता येईना. शेजारच्या जवानानं सेट हातातून घेतला. हेलिकॉप्टर ०७२० ला आलं. तोवर घाई संपली होती.

त्या परक्या पोराला कबनूरचा नियम काय ठाऊक असणार? सायझिंगच्या मागच्या एका रानातला नियम आम्ही दोघा येड्यांनी तिथवर वाहून नेला. हे मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगितलं नाही. "हात पेंढ्याआड गेला, दिसला नाही," असं लिहून दिलं. साहेबांनी घरी पत्र पाठवलं, समोरून आलेल्या गोळीबारात वीरमरण आलं म्हणून. बसूच्या घरासाठी ते पत्र चांगलं होतं. तेवढंच राहू द्यायला हवं होतं.

नोव्हेंबरात रजेवर आलो. चौथ्या दिवशी दुपारी अव्वाकडं गेलो. ती त्याच परड्यात भुईला बसून सुपात शेंगा निवडत होती. दोन महिन्यांत अर्धी झाली होती.

"अव्वा, पत्रातलं खरं न्हाय."

तिचे हात थांबले. "नगो सद्या. गेला त्यो. बास झालं."

"न्हाय, मला सांगायचंच हाय."

तिनं सूप बाजूला सारलं. उजवा हात भुईवर टेकला आणि बोटं मातीत रुतली. "सोड की आता," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

मी सोडलं नाही. दोन महिने झोप नव्हती. वाटलं, सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. गोठा, पेंढा, मूठ, बसू काय बोलला, मी कसा थांबलो, सगळं सांगितलं. वेळेसकट सांगितलं. रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं.

तिनं हाताची माती झटकली. मग म्हणाली, "म्हंजे म्याच शिकवलं व्हय त्येला."

मी न्हाय म्हटलं, पायावर डोकं ठेवलं, चूक माझी म्हणालो. ती ऐकतच नव्हती. त्यानंतर ती चार वर्षं जगली. माझ्याशी नीट बोलायची, चहा द्यायची, पोरांची चौकशी करायची. परड्यात मात्र पुन्हा कधी बसली नाही. परडं तिनं फरशी घालून बुजवून टाकलं.

गावात बसूच्या नावाचा दगड आहे. पंधरा ऑगस्टला हार घालायला मला बोलावतात. मी पत्रातलंच बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. मग दोन मिनिटं शांतता असते. त्या दोन मिनिटांत सगळ्यांना बसू आठवत असेल. मलाही आठवतो, फुटलेल्या भुवईसकट. पण त्याच्याआधी परडं दिसतं आणि भुईत रुतलेली अव्वाची बोटं. तिनं माती धरली होती. मला दिसलं होतं. तरी मी मारलं.