शेळीच्या आधी माझा कान

आमच्या धारूरकडच्या वस्तीवर गुरांच्या दवाखान्यातला एक माणूस येतो. आला की आधी जनावराचा कान मुठीत धरतो आणि डोळे मिटून उभा राहतो. ताप असाच कळतो म्हणे. पोरं त्याची नक्कल करतात. मला मात्र ते मिटलेले डोळे बघवत नाहीत.

महिन्याभरात आमच्या दोन शेळ्या गाभडल्या. मेलेली करडं मी उघड्या हातांनीच ओढून काढली, वार उकिरड्यावर फेकली. आमच्याकडं सगळे असंच करतात. कळल्याबरोबर तो आला, पण शेळ्यांकडं त्यानं बघितलंच नाही.

"करडं कुणी काढली?"

"मीच."

तो जवळ आला, माझाच कान मुठीत धरला आणि डोळे मिटले. गोठ्यातल्या शेळ्या रवंथ करायच्या थांबल्या.

"रातीचा लई घाम येतोय न्हवं, मामा? सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला सांगून ठिवलंय. ह्यो गाभडायचा रोग माणसालाबी लागतो. तपासायला शेळ्यांचं रगत मी घेतो, तुमचं त्या घेतील."

मी गोठ्यातच निजतो. माझी गोधडी रोज भिजते, हे त्या शेळ्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.