अध्यक्षांची सून

बोरीवलीत बाभईतल्या दवाखान्यामागची ती बैठी इमारत आता पाडणार होते. महिला सहाय्य केंद्र नव्या जागेत, लिफ्टवाल्या इमारतीत चाललं होतं. आताची केंद्रप्रमुख दीप्ती हिने आवर्जून फोन केला, "ताई, एकदा येऊन जा ना," म्हणून सुगंधा परब आल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळले. कपाटं हलवल्यामुळे मागच्या भिंतीचा जुना हिरवा रंग उघडा पडला होता. तो रंग श्यामकाकांनी स्वतः उभं राहून लावून घेतला होता.

श्यामसुंदर नाडकर्णी बँकेतून निवृत्त झालेले आणि केंद्र चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. केंद्र सुरू झालं तेव्हा खोलीत बसायला सतरंजीसुद्धा नव्हती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बाई यायची ती दारातच उभी राहायची. काकांनी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून टेबल मिळवलं, पंखा मिळवला, बायकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून आतली वेगळी खोली मिळवली. सुगंधाताई लालबागच्या चाळीतल्या, गिरणी कामगाराची मुलगी. समाजकार्याची पदवी होती, पण साहेबलोकांपुढे जीभ अडखळायची. काका म्हणायचे, "सुगंधा, उभ्याने बोलू नकोस. खुर्ची ओढ, बस, मग बोल."

काय दिवस होते ते. दुपारी कामं आटोपली की काका घरून आणलेला चिवडा काढायचे आणि सगळ्यांना चहाबरोबर वाटायचे. एखादी बाई रडून रडून दमली, की तिच्याही हातावर मूठभर ठेवायचे, एक शब्द न बोलता.

एकदा वरून एक अधिकारी तपासणीला आले. "समेट किती घडवले?" एवढंच विचारत राहिले. सुगंधाताई म्हणाल्या, "साहेब, बाई घरी परत गेली म्हणजे काम झालं असं आम्ही धरत नाही. ती सुखरूप आहे का, ते विचारा." साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा काकाच पुढे झाले. "बाई बरोबर बोलतायत. या केंद्रात समेट हा शब्द आम्ही वापरत नाही." त्या दिवशी सुगंधाताईंना वाटलं, आपल्या पाठीशी कोणीतरी आहे.

आणि मग एका दुपारी स्वरदा आली. काकांची सून, त्यांच्या यज्ञेशची बायको. गणपतीला काकांच्या घरी सुगंधाताईंना तिनेच मोदक वाढले होते. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. ती बाजूला केली तेव्हा मानेवर बोटांचे वळ दिसले.

"यज्ञेशने?" सुगंधाताईंनी विचारलं.

तिने मान हलवली. "दुसरीकडे कुठे जावं कळेना. पण बाबांना, तुमच्या काकांना, सांगू नका."

सांगायची वेळच आली नाही. तिचं येणं कुठून तरी कळून दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आले, चेहरा उतरलेला. "पोर रागाच्या भरात आली असेल गं. यज्ञेशला मी समजावतो. कोर्टबिर्ट नको. समेट घडवू."

"काका, तो शब्द आपण इथे वापरत नाही."

"मी या केंद्राचा अध्यक्ष आहे, सुगंधा."

"म्हणूनच सांगते. ही केस चालू आहे तोवर तुम्ही केंद्रात यायचं नाही. समितीवरही बसायचं नाही."

"तू मला सांगतेस?"

"हो काका. मीच सांगायला हवं."

ते उठून गेले. त्या दिवशी चिवड्याचा डबा टेबलावरच राहिला, कोणी हात लावला नाही.

घरी आल्यावर सुगंधाताईंना जेवण जाईना. आई मालवणची, मुंबईत आयुष्य काढलं तरी भाषा तीच, मुलीला चेडूच म्हणायची. सगळं ऐकून म्हणाली, "तुका थंय कोणासाठी बसवल्यानी? त्या चेडवासाठीच मगे? मग रडतंस कित्याक? जेव आधी."

समितीची बैठक बसली तेव्हा चंद्रप्रकाश नावाच्या सदस्याने सरळच मांडलं, "केंद्राची अब्रू जाईल. ही केस दुसरीकडे पाठवा. आणि परबबाईंनी काही दिवस रजा घ्यावी." दोघातिघांनी माना डोलावल्या. सुगंधाताई खुर्चीत ताठ बसून होत्या.

तेवढ्यात काका आत आले. बसले नाहीत.

"मी थांबणार नाही, दोन शब्द बोलून जातो. ते वळ मी आधीही पाहिले होते. एकदा नाही. दरवेळी वाटलं, घरातली गोष्ट आहे, निवेल. इतकी वर्षं इथे बसून लोकांना शहाणपण सांगितलं, आणि माझ्याच स्वयंपाकघरात काय चाललंय ते... मी अध्यक्षपद सोडतोय. केस इथेच राहील, आणि सुगंधाही. यापुढे समितीवरच्या कोणाच्याही घरातली बाई इथे आली, तर त्या माणसाने बाजूला व्हायचं. तसा ठराव करून घ्या."

ठराव झाला. चंद्रप्रकाशही विरोधात गेले नाहीत.

बोरीवलीच्या कोर्टात स्वरदाला संरक्षण मिळालं, राहत्या घरात राहायचा हक्क मिळाला. यज्ञेशला घर सोडावं लागलं. तो दिंडोशीच्या सत्र न्यायालयात अपिलात गेला, तिथेही काही झालं नाही. घर काकांच्या नावावर होतं. सून इथेच राहील, असं त्यांनी मुलाविरुद्ध कोर्टात उभं राहून सांगितलं.

आता काका जाऊनही दोन वर्षं झाली होती. हे सगळं सुगंधाताई खिडकीच्या कट्ट्यावर बसून सांगत होत्या. मोकळ्या खोलीत आवाज घुमत होता. दीप्तीने खोक्याला चिकटपट्टी लावायचं मधेच थांबवलं होतं.

"केस संपल्यावर त्यांना परत नाही का बोलावलं समितीत?" तिने विचारलं.

"बोलावलं ना. मी स्वतः घरी गेले होते. भाजी निवडत बसले होते. म्हणाले, स्वरदा संध्याकाळी अंधेरीहून ऑफिस करून दमून येते, तेव्हा दार उघडायला घरात कोणीतरी हवं. मला आता तेवढंच काम पुरे."

दीप्तीने चिकटपट्टी पुन्हा हातात घेतली. सुगंधाताई डोळे पुसून खोकं धरायला उठल्या.