डाव्या हाताचा टाका

माझ्या अंगात कधी कुणी आलं नाही. ज्यांच्या अंगात येतं त्यांच्या तोंडावर मी पाणी मारलेलं आहे... लगेच शुद्धीवर येतात. त्यामुळे हे वाचून मला कुणी गंडे-दोरे सुचवू नयेत. मी चौथी शिकलेली, देऊळघाटला राहते, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

माझी नात पल्लवी बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यात सर्जन आहे. तिची आई, म्हणजे माझी सून सुमन, पल्लवी सहा वर्षांची असताना काविळीने गेली. सुमन डावखुरी होती. आम्ही दोघी एकाच गोधडीवर बसायचो, समोरासमोर. तिचा टाका माझ्या टाक्याच्या उलट बाजूला कलायचा. गाठ मारायच्या आधी ती दोरा तीनदा गुंडाळायची, जरा सैल सोडायची, मग ओढायची. मला ते खपायचं नाही. ती चुलीपाशी गेली की मी तिची ओळ उसवून पुन्हा घालायची. तिला कळायचं. बोलायची नाही.

मागच्या हिवाळ्यात दवाखान्याच्या आवारात एक लांबलचक बस येऊन उभी राहिली. आत रोबोटने ऑपरेशन करायचं यंत्र, आणि डॉक्टरांना ते शिकवायला पुण्याचे एक सर. डॉक्टरने एका बाजूला बसून चौकटीत डोकं घालायचं, बोटं पट्ट्यांत अडकवायची. चार पावलांवर टेबल असतं, तिथे यंत्राचे हात रबराच्या कातड्यावर शिवतात, आणि ते भिंतीवरच्या टीव्हीसारख्या पडद्यावर मोठं दिसतं. चौकटीतून डोकं काढलं की ते हात जागच्या जागी थांबतात. हे सरांनी मला दोनदा करून दाखवलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

यात कठीण काय, तर दोऱ्याची ओढ बोटांना कळत नाही. किती ताणला ते नुसतं बघून ओळखायचं. पल्लवी ओढायची आणि दोरा तुटायचा. शेवटी दहा टाक्यांची परीक्षा होती, तीत दोनदा तुटला. तिसरी खेप शेवटची होती, कारण बस संध्याकाळी अकोल्याला निघणार होती. आठवडाभर पोरगी म्हणत होती, "नाही जमलं तर सर्जरी सोडतो आजी, ओपीडीत बसून गोळ्या लिहितो."

त्या शेवटच्या दिवशी मी दुपारी डबा घेऊन गेले, तर सरांनी मला आत बसवलं.

"आजी, गोधड्या शिवता म्हणे? मग तुम्हीच बसा आता."

"बसली असती," मी म्हटलं, "पन उद्या म्हनसान, देऊळघाटच्या बुढीनं यंत्र मोडलं."

पल्लवी हसली नाही. तिने तीन टाके घातले. चौथ्याला दोरा ताठ झाला, तशी तिने डोकं बाहेर काढलं आणि उठून माझ्याकडे आली.

"मले नाही जमत आजी. पुन्हा तुटते आता."

"काऊन रडून राह्यली वं? तुटला तर तुटला, दोराच तर हाये."

तिने दोन्ही हातांनी माझा पदर डोळ्यांना लावला होता. तिच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता... आणि पडद्यावर यंत्राचा डावा हात हलला. त्याने सुई उचलली, रबरातून काढली. उजव्याने नुसतं धरलं. दोरा तीनदा गुंडाळला. जरा सैल सोडला. मग गाठ.

सर पडद्याकडे तोंड करून उभे होते. "शाब्बास! डाव्या हाताने कधी शिकलात?" म्हणत वळले, तर पल्लवी माझ्या पदरात. खुर्ची रिकामी. बसमध्ये आम्ही तिघंच. सरांनी वायरी पाहिल्या, मग रेकॉर्डिंग लावलं. त्यातही तेच होतं.

पल्लवीने ते तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "सर, हा टाका माझा नाही. परीक्षेत धरू नका."

"ठीक आहे. तो कापून टाकू, पुढे चालू करा," म्हणत सरांनी कात्री उचलली.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा ड्रायव्हर डोकावला. "तिले दुसरं रबर द्या. हे मले द्या."

नव्या तुकड्यावर पल्लवीने पहिल्यापासून सुरुवात केली. उजव्याच हाताने, पण प्रत्येक गाठीआधी तीन वेढे, जरा सैल, मग ओढ. दहा टाके. एकदाही तुटला नाही. सरांनी पास लिहिलं.

घरी येताना जीपमध्ये तिने विचारलं, "कोनाचा होता आजी तो टाका?"

"तुह्या आईचा."

तिने माझ्या हातातलं रबर घेऊन गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू तिचे टाके उसवत होती. मले आठवते."

"हाव," मी म्हटलं.

पुढे कळलं की यंत्र उघडून तपासलं, बिघाड सापडला नाही. पेटीत सुमनची शेवटची गोधडी आहे. ती आजारी पडली तेव्हा त्यातली तिची एक ओळ माझ्याकडून उसवायची राहून गेली होती. तो रबराचा तुकडा मी त्या ओळीशेजारी ठेवून पाहिला. टाका त्याच बाजूला कलतो, गाठही तशीच. कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल या, दाखवते. उसवू मात्र देणार नाही.