पपांनी शिंग वाजवायला घेतलं ते वर्ष

आम्ही धुळ्याला राहायला गेलो तेव्हा मी चौथीत होते. पपा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पण धुळ्यात आमचं एकच घर होतं. बाकीची मंडळी पांगलेली. जळगावला दोन घरं, भुसावळला रेल्वेत चार-पाच, वरणगावच्या कारखान्यात तीन. या सगळ्यांना धरून ठेवायचं काम पपांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाच्या बाळाची सुंता, कुणाच्या मुलीला स्थळ, कुणाचं आजारपण. पपांची पोस्टकार्डं सुटायची आणि रविवारी पपा स्वतःच सुटायचे. जाताना आम्हा तिघा भावंडांपैकी एकाला पाळीपाळीनं बरोबर न्यायचे. बसमध्ये खिडकी आमची आणि पारोळ्याच्या स्टँडवर भजी ठरलेली.

त्या वर्षी पावसाळ्यात भुसावळहून एक आबा आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आमच्या नव्या वर्षाच्या सणाला प्रार्थनेत मेंढ्याचं शिंग फुंकतात, शोफार म्हणतात त्याला. खानदेशात ते फक्त आबाच वाजवायचे. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं शिंग पपांच्या मांडीवर ठेवलं आणि तोंड उघडून दाखवलं. वरचे दात सगळे काढलेले.

"कवळी बसवली, पण फुंकलं की तीच बाहेर येते," आबा म्हणाले. "आता तू वाजव."

"वाजवतो की," पपा म्हणाले.

आबा गेल्यावर आई म्हणाली, "अहो, तुम्हाला साधी शिट्टी वाजवता येत नाही."

"दोन महिने आहेत," पपा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पपा पहाटे मागच्या अंगणात उभे राहू लागले. शिंगातून नुसती हवा यायची, कधी म्हशीनं नाक शिंकरावं तसं काहीतरी. आम्ही पांघरुणात तोंड खुपसून हसायचो. तिसऱ्या दिवशी दूध घालणारी अक्का आईला म्हणाली, "भाऊले सांग, त्या आवाजमुये मनी म्हैस बिचकस!" तेव्हापासून पपा शिंग घेऊन पांझरेच्या काठी जाऊ लागले. पंधरा दिवस गेले, ओठ फुटले, पण सूर काही निघेना.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाच्या बँडचं दुकान होतं. तिथले म्हातारे मास्तर बिगुल वाजवायचे; सगळे त्यांना चाचा म्हणत. लगीनसराई केव्हाच संपली होती, म्हणून चाचा दारात पितळी वाद्यं घासत बसलेले असत. एका संध्याकाळी पपा शिंग घेऊन थेट त्यांच्यासमोर जाऊन बसले. चाचांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, पण तोंडाला लावलं नाही.

"हे तुमच्या इबादतीचं. मी नाही वाजवणार. तुम्ही वाजवा, मी बघतो."

पपांनी जोर लावून फुंकलं.

"साहेब, चहा थंड करताय का?" चाचा म्हणाले. "फुंकायचं नाही. ओठ घट्ट मिटायचे आणि त्यातून हवा काढायची. ओठ थरथरले पाहिजेत. शिंग आठ दिवस ठेवून द्या."

मग चाचा रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. ओट्यावर दोघं समोरासमोर बसून नुसतेच ओठ फुरफुरवत. आई चहा घेऊन यायची आणि दारात उभी राहून बघायची.

नवव्या दिवशी पपा कचेरीतून परत येत होते. मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसले होते. गल्लीच्या वळणावर आमच्या घरातून मोठा, स्वच्छ, लांबलचक आवाज आला. पपांनी सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि धावत आत गेले. आई माजघरात शिंग हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"मी सहज बघत होते हो," ती म्हणाली.

त्या काळी प्रार्थनेतलं शिंग बायका वाजवत नसत. पपा रागावतील असं मला वाटलं. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "पुन्हा वाजव. ओठ कसे धरलेस ते दाखव." त्या दिवशी रात्रीची जेवणं उशिरा झाली. आई वाजवत होती, पपा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते, आणि शेवटी एकदाचा पपांच्या शिंगातून सूर निघाला. बारीक, वाकडा, पण सूर! आम्ही तिघं पपांभोवती नाचलो.

सणाच्या आदल्या दुपारीच सगळी मंडळी धुळ्याला आली. शेजारच्या मारवाडी काकांनी आपली पुढची खोली दोन दिवसांसाठी मोकळी करून दिली. आईनं गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात आटवून परातीत थापला होता. सकाळी प्रार्थना सुरू झाली. चाचा धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसले.

पपांनी शिंग ओठांना लावलं. नुसती हवा. पुन्हा लावलं. पुन्हा हवा. पपांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. आईनं ओठ घट्ट मिटून दाखवले. पपांनी डोळे मिटले आणि आवाज निघाला. एक लांब, मग तीन तुटक, मग नऊ बारीक, शेवटी पुन्हा एक लांब. आबा बोटांवर मोजत होते. मोजता मोजता त्यांचे डोळे भरून आले.

प्रार्थना संपल्यावर पपा आधी ओट्यावर गेले. चाचा म्हणाले, "शेवटची तान अजून ओढायला हवी होती. पण पहिल्या वर्षाला छान." पपांनी त्यांच्या हातात हलव्याची पहिली वडी ठेवली.

पुढं आमची जळगावला बदली झाली. मंडळी एकेक करून मुंबईला, इस्राएलला गेली, तरी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत होते तोवर पपा दर वर्षी शिंग वाजवत राहिले. दर वर्षी त्यांचे ओठ सुजायचे. संध्याकाळी आई त्यांना साजूक तूप लावायची, आणि "बोलू नका" म्हटलं तरी ते पाहुण्यांना बस किती वाजता आहे ते सांगत बसायचे.