बारकीचा फॉर्म

तिघा भावंडांत धाकटी म्हणून ती बारकी. उंचीने मात्र केव्हाच वडिलांच्या वर गेलेली. बारावीचा निकाल लागला आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. आई म्हणाली, "नर्सिंगला जा. तुझा हात हलका आहे." सतरा वर्षं नर्स असलेली मावशी म्हणाली, "या फंदात पडू नकोस. पाय सुजतात, जेवण गार होतं, वर बोलणी खावी लागतात." आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "पण मला तर दुसरं काही जमलंच नसतं!" आता यातलं काय धरायचं?

त्यातच बसच्या पायरीवरून घसरून ड्रायव्हर वडिलांचा पाय मोडला. दिवसा वॉर्डात त्यांच्याजवळ बसायचं काम बारकीकडे आलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे सुतार होते, पोटाच्या दुखण्याने बेजार. एका सकाळी त्यांना एकाएकी भडभडून उलटी झाली, ती थेट बारकीच्या अंगावर. ती मागे सरली नाही. त्यांचं कपाळ धरलं, तोंड पुसलं, चादर बदलायला हात लावला.

"झालीस की नर्स!" वडिलांची छाती फुगली.

बारकीलाही क्षणभर वाटलं, ठरलं तर मग. दहा मिनिटांनी सिस्टर सुतारबाबांचं रक्त घ्यायला आल्या. नळीत लाल धार चढताना दिसली, तेवढंच बारकीला आठवतं. डोळे उघडले तेव्हा ती फरशीवर आडवी होती आणि सुतारबाबा आजारपण विसरून "अहो, पोरगी पडली, पोरगी पडली!" म्हणून ओरडत होते.

सिस्टरनी तिला पाणी पाजलं. "उलटी चालते, रक्त चालत नाही. अर्धी नर्स आहेस बघ."

"मग फॉर्म भरू की नको?"

"मी कशी सांगू? मीपण पडले होते. एकदा नाही, दोनदा."

"आणि आता?"

"आता पडायला वेळच मिळत नाही," म्हणत त्या पुढच्या खाटेकडे निघून गेल्यासुद्धा.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : हा अभ्यासक्रम का निवडला? बारकीने 'सेवेची आवड' लिहून खोडलं. 'आईची इच्छा' लिहून खोडलं. शेवटी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'नक्की माहीत नाही. पण माणूस आजारी असला की मला लांब उभं राहवत नाही.' खिडकीवरच्या कारकुनाने ते दोनदा वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तिला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी तिने मुद्दाम दाराजवळचा बाक धरला. नाहीच जमलं तर गुपचूप सटकता यावं म्हणून. दोन महिने झाले, अजून सटकलेली नाही. पण "रमलीस का गं?" असं कोणी विचारलं की ती आधी हो म्हणते, मग थांबते आणि म्हणते, "म्हणजे, बघू."